बोंडअळीनं दात विकत घेतले का?

दुपारची जेवणं उरकली असतील, भांडी पालथी पडली असतील. मागच्या खेपेला आपण बँक जोडणीवर बोललो, त्याआधी शेळीच्या विम्यावर. आज मी एका गेमविषयी बोलणार आहे. हो, पोरं मोबाइलवर बोटं आपटत खेळतात ना, तसल्याच गेमविषयी. ताईचं डोकं फिरलं म्हणून रेडिओ बंद करू नका. ह्या गेमवरून आमच्या एका गटाच्या बैठकीत जे बोलणं निघालं, ते सात-आठ वर्षं कुणी तोंडावर बोललं नव्हतं. मीसुद्धा नाही.

झालं असं की यंदा मे महिन्यात माझा भाचा पुण्याहून आला. इंजिनिअरिंगला आहे. स्वतःला नवा लॅपटॉप घेतला म्हणून जुना माझ्या लेकीसाठी घेऊन आला. लेक आता दहावीत आहे. मला वाटलं, अभ्यासाला उपयोगी पडेल. भाच्यानं त्यात तीस वर्षांपूर्वीचे गेम भरून दिले होते, हे मला दोन दिवसांनी कळलं. संध्याकाळी भाकरी टाकताना मागून टुंग-टुंग आवाज यायला लागला, म्हणून पीठाच्या हातानं बघायला गेले. पडद्यावर निळं पाणी आणि त्यात एक एवढुशी मासोळी.

मी ओरडणारच होते. पण लेक म्हणाली, "आई, हा अभ्यासातलाच आहे. उत्क्रांती!"

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा आहे, आनुवंशिकता व उत्क्रांती. पृथ्वीवर आधी साधे जीव होते, कोट्यवधी वर्षांत पिढ्यान्‌पिढ्या बदलत त्यांच्यापासून मासे, बेडूक, सरडे, पाखरं, जनावरं आणि आपण माणसं झालो, ते शास्त्र म्हणजे उत्क्रांती. मी बी.ए. मराठीची. माझा विज्ञानाशी संबंध दहावीलाच सुटला. पोरगी मला गुंडाळतेय की काय म्हणून मी शेजारी बसले, आणि तवा करपला.

हा गेम जपानचा. तिकडे १९९० साली तो पहिल्यांदा संगणकावर आला आणि १९९२ साली टीव्हीला जोडायच्या यंत्रावर नव्यानं आला. एनिक्स नावाच्या कंपनीनं काढलेला. पुढच्या वर्षी अमेरिकेत गेला, तेव्हा त्याचं नाव ठेवलं ‘ई.व्ही.ओ. : सर्च फॉर ईडन’. जपानी नाव मात्र मला जास्त आवडलं, ‘योन्जुरोकु ओकुनेन मोनोगातारी’. भाच्यानं सांगितलं, जपानी माणसं दहा कोटींना ओकू म्हणतात. म्हणजे सेहेचाळीस ओकू वर्षांची गोष्ट, आपल्या हिशेबात ४६० कोटी वर्षांची. आपल्या पृथ्वीचं वय तेवढंच धरतात. सूर्याची लेक गाया नावाची देवी असते. ती म्हणते, जो जीव सगळ्यांत पुढे जाईल त्याला मी माझ्या बागेत घेईन. तिथून खेळ सुरू.

आता खेळायचं कसं? तुम्ही मासोळी. समोर दुसरा मासा आला की त्याला चावायचं. तो मेला की त्याच्या जागी मांसाचा तुकडा पडतो. तो खाल्ला की जिवात जीव येतो आणि पॉईंट मिळतात. पॉईंट साठले की दुकानात गेल्यासारखी यादी उघडते. जबडा बदला, एवढे पॉईंट. शेपूट बदला, एवढे. शिंग पाहिजे? अंगावर कवच पाहिजे? आहेत तेवढे पॉईंट मोजा आणि घ्या. अंग मोठं केलं की मार सोसवतो पण चपळाई कमी होते, त्यामुळे घेताना विचार करावा लागतो. असं करत समुद्रातून जमिनीवर यायचं, बेडकासारखं व्हायचं, मग डायनासोरांचा काळ, मग बर्फाचा काळ आणि केसाळ जनावरं, शेवटी आदिमानवाचा काळ. प्रत्येक काळाच्या शेवटाला कुणीतरी दांडगा जीव वाट अडवून बसलेला. पहिल्या काळात एक शार्क आहे. लेक त्याच्यापुढे चौदा वेळा मेली. आणि मेलं की साठवलेले अर्धे पॉईंट जातात!

दुसऱ्या दिवशी आमच्या गटातली अक्का आली. तिचं नाव मी सांगणार नाही, पण तिला विचारून, तिच्या परवानगीनं हे सगळं बोलते आहे. बेचाळीस-त्रेचाळीसची असेल. नवरा मोटारसायकलच्या अपघातात गेला. एक मुलगा, तो शहरात कंपनीत हेल्पर आहे. अक्का नोंदवही लिहून घ्यायला आली होती. मी हप्त्यांची बेरीज करीत होते आणि ती चहाचा कप हातात धरून लेकीच्या पडद्याकडे बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "पोरी, तुझ्याकडं पॉईंट हायेत, अन्‌ मासोळी मरायला टेकली. मग घे की काहीतरी."

लेक म्हणाली, "थांब ना अक्का, मला मोठा जबडा घ्यायचाय. त्याला अजून पाहिजेत."

"अगं, ती मेल्यावर कुणाला लावशील जबडा?"

मैत्रिणींनो, लेकीनं ऐकलं. स्वस्तातली एक शेपूट घेतली, तर मासोळीचा जीव पूर्ण भरला! हा ह्या गेमचा कायदाच आहे. अंगातला कुठलाही भाग बदलला की जखमा भरून येतात. म्हणून जाणते खेळाडू थोडे पॉईंट अडीअडचणीला मागे ठेवतात. अक्कानं हे पुस्तक न वाचता, बटण न दाबता पाच मिनिटांत ओळखलं. मी इतकी वर्षं बैठकांमध्ये आकस्मिक निधी, आकस्मिक निधी म्हणून ओरडते. जाऊ द्या.

मग ती रोज यायला लागली. निमित्त नोंदवहीचं. डायनासोरांचा काळ आला तेव्हा तर तिनं आपल्या वाटणीची शेवयाची कामंसुद्धा आमच्या ओट्यावर आणली. त्या भागाच्या शेवटी आकाशातून मोठा दगड कोसळतो आणि डायनासोर संपतात. हे खरंच घडलंय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आताच्या मेक्सिको देशात एक अवाढव्य अशनी पडला. पण गेममध्ये जे नाही ते आपल्या पायाखाली आहे, हे मला लेकीचं पुस्तक आणि भाच्याचा फोन ह्यांमुळं कळलं. जवळपास त्याच काळात आपल्या दख्खनमध्ये जमीन फाटून लाव्हा वाहत होता. थरावर थर, हजारो हजार वर्षं. तो थिजून आपला काळा पाषाण झाला, आणि तो पाषाण झिजून झिजून आपली काळी माती. ज्या मातीत आपण कापूस लावतो ती डायनासोरांच्या अखेरच्या दिवसांतली आहे म्हणा ना.

आणि अजून एक सांगते, हे ऐकून अक्का हसून हसून लोळली होती. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथं डायनासोरांची हाडं सापडतात आणि त्यांचं शेणही सापडतं. दगड झालेलं शेण! लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या डॉ. वंदना प्रसाद ह्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ते शेण तपासलं. २००५ साली त्यांनी जगाला सांगितलं की त्या शेणात गवताचे कण आहेत, भाताच्या कुळातल्या गवताचेसुद्धा. तोवर बहुतेकांना वाटायचं की गवत डायनासोरांच्या नंतर आलं. अक्का म्हणाली, "बघा, आपण जल्मभर शेण काढलं अन्‌ कुणी पेपरात नाव नाही छापलं."

त्याच संध्याकाळी हसता हसता तिनं एकदम विचारलं, "मग ताई, बोंडअळीनं बी असंच पॉईंट जमवून दात विकत घेतले का?"

लेक आणि मी एकमेकींकडे बघायला लागलो. कारण तो प्रश्न कुठून आला होता ते आम्हा दोघींना माहीत होतं.

तुम्हाला २०१७ सालचा हंगाम आठवत असेल. कापूस वरून चांगला दिसत होता. फुलं लागली, पण कितीतरी फुलं नीट उमलेनात, पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटूनच राहिल्या, आपण त्याला डोमकळी म्हणतो. मग बोंडं फोडली तर आत गुलाबी अळी. सरकी पोखरलेली, कापूस पिवळा. पंचनामे झाले. त्याच वर्षी यवतमाळकडे फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली. आणि फवारून अळीचं काय बिघडणार, ती तर बोंडाच्या आत बसलेली.

त्याच वर्षी अक्कानं नवऱ्यामागं पहिल्यांदा स्वतः शेत केलं होतं. तीन एकर. आणि पेरणीच्या दिवशी तिनं स्वतः मूठ धरली. आपल्याकडे सवाष्णीनं मूठ धरायची, विधवेनं बांधावर उभं राहायचं, अशी रीत. अक्का म्हणाली होती, माझं शेत, मीच धरणार. दिवाळीनंतर बोंडं किडली तेव्हा गावात बोलणं सुरू झालं. पाणवठ्यावर, गिरणीत. "रांडमुंडीनं मूठ धरली, दुसरं काय होणार." हा शब्द रेडिओवर म्हणताना मला जड जातंय, पण तो म्हटला गेला होता. पुढच्या वर्षी दिरानं ते रान स्वतःकडे घेतलं. तुला लाभत नाही, म्हणाला. तेव्हापासून ती दुसऱ्याच्या शेतात रोजानं कापूस वेचते.

ते बोलणं मी ऐकलं होतं. मी तेव्हा नवीनच समन्वयक झाले होते. आपल्याला चार गट सांभाळायचेत, कुणाशी वाकडं घ्या, म्हणून मी गप्प बसले. आमच्या स्वतःच्या दोन एकरांतली बोंडंही तशीच किडली होती. आमच्या पेरणीला तर माझ्या सासूबाईंनी मूठ धरली होती, हिरवा चुडा भरलेल्या हातानं. एवढं साधं मला कुणाला म्हणता आलं नाही.

तर प्रश्न. अळीनं दात विकत घेतले का?

लेक म्हणाली, "नाही अक्का, गेममध्ये हे चुकीचं दाखवलंय." आणि पुस्तक घेऊन आली. पण पुस्तकातलं वाचून दाखवलं तर अक्काच्या चेहऱ्यावर काही उमटेना. नैसर्गिक निवड वगैरे शब्द. मग मी म्हटलं, मला जमेल तसं सांगते. तुम्हालाही तसंच सांगते.

गेममधली मासोळी एकच आहे. तीच खाते, तीच पॉईंट जमवते, तीच जबडा बदलते. तिला कळतं की आपल्याला काय पाहिजे. खऱ्या जगात असं कुठलंच दुकान नाही. जन्माला आलेली मासोळी मरेपर्यंत आपल्याच जबड्यानं खाते. पण एका मासोळीची शंभर पिल्लं असली तर शंभर सारखी नसतात. आपल्या शेळीची दोन करडं सारखी नसतात, एक काटक निघतं, एक नाजूक. ज्याला जगायला जमलं त्याची पिल्लं पुढे होतात, ज्याला जमलं नाही त्याची होत नाहीत. कुणी ठरवत नाही. अशा पिढ्यांमागून पिढ्या गेल्या की सगळी जातच बदललेली दिसते. बदलतो तो एकेक जीव नव्हे, बदलते ती वंशावळ.

आता अळी. २००२ साली आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीत एक जिवाणू असतो, त्याचा अळीला मारणारा गुण बियाण्यात घातलेला. पानं, फुलं, बोंडं, जे खाईल ती अळी मरते. पहिली वर्षं काय कापूस झाला! पण लाखो अळ्यांमध्ये एखादी जन्मतःच अशी असते की तिला ते विष बाधत नाही. तिनं काही मिळवलं नाही, काही साठवलं नाही, ती तशी निपजली, एवढंच. आधी तिच्या त्या गुणाला काही किंमत नव्हती. आता सगळ्या शेतात विष, बाकीच्या मेल्या, ही उरली. तिचा पतंग झाला, त्यानं अंडी घातली. एका हंगामात कित्येक पिढ्या होतात. गुजरातमध्ये ह्या गुलाबी अळीला पहिलं बीटी बाधेनासं झाल्याचं २०१० साली जाहीर झालं. तोवर दोन जनुकांचं बियाणं आलेलं होतं. चार-पाच वर्षांत तेही तिकडे निकामी व्हायला लागलं. आणि २०१७ ला आपल्याकडे.

अक्का म्हणाली, "म्हंजी अळी बदलली नाही. ज्या मरायच्या त्या मेल्या, अन्‌ ज्या उरल्या त्याच आपल्या वाट्याला आल्या."

मी तीन दिवस पुस्तक घेऊन बसले होते, हे एका वाक्यात मला म्हणता आलं नव्हतं.

आता माझी चूक सांगते. बीटीच्या पाकिटासोबत एक छोटं पाकीट यायचं, आठवतं? १२० ग्रॅमचं, साध्या कापसाचं, बिगर-बीटी. ते शेताच्या कडेनं पाच ओळी लावायचं असं सांगितलेलं होतं. त्याला रेफ्युजी म्हणायचे. आपण काय केलं? मी तरी ते कोठीत टाकून दिलं. अळीला मुद्दाम खाऊ घालायला कापूस लावायचा, हे कुणाला पटणार? जागा वाया, खत वाया. शेजारणीनं तर ते पाकीट सरकीत मिसळून म्हशीला घातलं.

पण त्या पाच ओळींचं काम हे होतं. तिथं साध्या अळ्या जगल्या असत्या, ज्यांना विष बाधतं अशा. त्यांचे पतंग झाले असते, पुष्कळ झाले असते. शेताच्या आतून जो एखादा न बाधणारा पतंग निघाला असता, त्याची जोडी ह्या साध्या पतंगांशी लागली असती. आणि विष पचवायचा तो गुण असा आहे की आई आणि बाप दोघांकडून आला तरच तो पुरता उतरतो. सिकलसेलचं आपल्याला माहीत आहे, दोघांकडून आलं तर आजार, एकाकडून आलं तर मूल फक्त वाहक. तसंच हे. एकाकडूनच आला तर पोरं बीटी खाऊन मेली असती. गुलाबी अळीला कापसाशिवाय दुसरं खाणं जवळपास नाही. हिरव्या अळीला तूर आहे, हरभरा आहे, तिच्या साध्या बहिणी तिथं जगतात. गुलाबीला फक्त आपला कापूस, आणि आपण बांधापासून बांधापर्यंत सगळा बीटी लावला. साधी अळी जगायला जागाच ठेवली नाही. अमेरिकेत ह्या अळीचा कापसातून पुरता नायनाट झाल्याचं २०१८ साली जाहीर केलं. त्यांच्याकडे रेफ्युजी नेमानं लावली गेली, शिवाय वांझ केलेले पतंग विमानानं सोडले. आपल्याकडे आता साधं बी पाकिटातच मिसळून देतात, कारण वेगळं दिलेलं आपण लावत नाही हे त्यांना कळलं.

अजून दोन गोष्टी आपणच केल्या. एक म्हणजे फरदड. थोडं पाणी आहे म्हणून मार्च-एप्रिलपर्यंत कापूस ठेवायचा. अळीला वर्षभर घरचं जेवण. आणि दुसरी पऱ्हाटी. चुलीला होते म्हणून घराच्या भिंतीला रचून ठेवायची. वाळक्या बोंडांत अळी झोपून राहते आणि पाऊस पडला की पतंग होऊन शेतात जाते. ह्यात विधवेचा हात कुठं आला सांगा? सगळ्या गावाचे हात आहेत, माझा धरून.

हे मी अक्कासमोर म्हटलं. ती काही बोलली नाही. चहाचा कप पालथा घालून गेली. मला वाटलं, दुखावली. दोन दिवस आली नाही.

तिसऱ्या दिवशी गटाची बैठक होती. अक्कानं कर्जमागणी केली. चाळीस हजार. म्हणाली, दिराकडून माझ्या वाटणीचं रान परत घेणार आहे, तलाठ्याकडं जाऊन सातबारा काढून आणलाय, त्यावर माझं नाव हाये. बी-बियाणं आणि मजुरीला पैसे पाहिजेत. बैठकीत शांतता. मग एकजण हळूच म्हणाली, "अक्का, वाईट वाटून घेऊ नको, पण त्या रानात तुला..." आणि थांबली.

अक्का म्हणाली, "बोल की पुरतं. लाभत नाही, असंच ना?" मग माझ्याकडं बघून, "ताई, त्या दिवशी सांगितलं ते हितं सांगा."

सांगितलं. लॅपटॉप नव्हता, वीजही नव्हती. ज्वारीचे दाणे घेतले, शंभरेक पांढरे आणि तीन मक्याचे. पांढरे विष बाधणारे, मक्याचे न बाधणारे. एकीला म्हटलं, तू बीटी, पांढरे उचल. ती उचलत गेली. जे उरले त्यांची पिल्लं म्हणून प्रत्येक दाण्यामागं दहा दाणे तसलेच ठेवायचे. दुसऱ्या खेपेलाच सतरंजीवर मका दिसायला लागला. तिसऱ्या खेपेला सगळ्याजणी गप्प. मग मी विचारलं, २०१७ ला कुणाकुणाच्या कापसात अळी होती, हात वर करा. तेरापैकी अकरा हात वर झाले. ज्या दोघींचे झाले नाहीत त्यांना शेतच नाही. मी म्हटलं, आता सांगा, ह्या अकराजणींच्या शेतात मूठ कुणी धरली होती? सासू, जाऊ, स्वतः. सगळ्या सवाष्णी. आणि मग मी सांगितलं की हे मला त्याही वर्षी दिसत होतं आणि मी बोलले नाही. अक्काची माफी मागितली. रजिस्टरमध्ये ते लिहिलेलं नाही, म्हणून इथं सांगितलं.

सगळं गोड झालं असं नाही. चाळीसऐवजी पंचवीस हजार मंजूर झाले. दोघींनी ठरावावर सही केली नाही. एक म्हणाली, तुझं ज्वारीचं गणित खरं असेल गं, पण माझ्या सासूला मी काय सांगू? तिला मी काही उत्तर देऊ शकले नाही. दिरानं तीनपैकी दीड एकरच सोडलं, बाकीच्याचं भांडण चालू आहे. त्या दीड एकरात अक्कानं ह्या जूनमध्ये सोयाबीन आणि तूर जास्त घेतली, कापूस थोडाच. पाऊस चांगला पडेपर्यंत पेरायचं नाही म्हणून थांबली. कामगंध सापळे लावलेत, रोज सकाळी त्यातले नर पतंग मोजून पाटीवर लिहिते. डिसेंबरात कापूस मोडायचा, फरदड ठेवायची नाही, पऱ्हाटी घराजवळ रचायची नाही, असं तिनं आम्हा सगळ्यांकडून बैठकीत वदवून घेतलं. चुलीला काय जाळायचं हा प्रश्न आहेच. त्यावर पुढच्या महिन्यात बोलू. कृषी सहायकांना बोलावलंय.

मूठ तिनंच धरली. आम्ही चौघी गेलो होतो. बांधावरून बघायला लोकही आले होते, नाही असं नाही.

गेमचं राहिलं. शेवटी जो शत्रू येतो ना, सगळ्यांत मोठा, तो मुळात एका पेशीचा साधा जीव असतो, स्फटिक खाऊन खाऊन अवाढव्य झालेला. लेक अजून त्याच्यापर्यंत पोचली नाही, सहामाही आली म्हणून मी लॅपटॉप कपाटात ठेवलाय. पण त्याआधी एका रविवारी अक्का स्वतः खेळायला बसली. मासोळी घेऊन, पहिल्यापासून. बटणं उलटीसुलटी दाबत, पण पॉईंट बघा कसे साठवले! एकसुद्धा खर्च करीना. लेक म्हणाली, "अक्का, शार्क आला, काहीतरी घे ना." अक्का म्हणाली, "थांब गं, लई कष्टाचे हायेत."

शार्कनं तिला दोन घासांत संपवलं. अर्धे पॉईंट गेले.

अक्कानं पदरानं तोंड पुसलं, पडद्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बरं. आता आधी बारका जबडा घेते."

नमस्कार.